स्वच्छतेचं कौतुक पुरे!

'आमच्या वहिनींना स्वच्छता भारी लागते!' असं आपण कौतुकाने म्हणतो. पण हात धुवून धुवून कातडी सोलवटली तरी ते स्वच्छ वाटत नसतील तर? जुनी माणसं याला मंत्रचळ म्हणत, डॉक्टर ओसीडी म्हणतात. मैत्रिणींनो, हे सोवळं नव्हे, स्वभावही नव्हे. हा आजार आहे आणि तो आटोक्यात येतो.

मंडळाच्या कामात मला एक ताई भेटली. मुलं शाळेतून आली की दारातच कपडे बदलायला लावायची. गॅस बंद आहे ना, हे रात्री दहादा विचारायची आणि नवराही दहादा 'हो' म्हणायचा. सगळे मायेनेच करत होते. पण त्यानेच आजार पोसला जातो, असं तिच्या समुपदेशक बाईंनी समजावलं. हात धुतले की घडीभर बरं वाटतं. मग मन ठरवून टाकतं, धुतले म्हणूनच वाचलो! पुढच्या वेळी भीती आणखी जोरात येते.

ही साखळी तोडायची, तर भीतीला सामोरं जायचं आणि धुणं टाळायचं. लंडनचे मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये ही पद्धत मांडली. आज ओसीडीवरच्या मुख्य उपचारांत ती गणली जाते.

ताईने भीतीची यादी केली, सोप्यापासून अवघडापर्यंत. आधी दाराची कडी धरायची आणि हात न धुता बसायचं. मग चपला, मग बाजारातली पिशवी. सुरुवातीला जिवाची नुसती घालमेल! पण ती हळूहळू ओसरते, आणि नाही ओसरली तरी सोसता येते, हे मन शिकतं. जेवणाआधी आणि संडासहून आल्यावर हात मात्र धुवायचेच.

हे तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचं, घरच्यांनी जबरदस्ती करायची नाही. काहींना सोबत गोळ्याही लागतात. त्या मनाने बंद करू नयेत. घरच्यांनी रागवायचं नाही आणि पुन्हा पुन्हा खात्रीही द्यायची नाही. 'भीती वाटतेय ना? मी आहे, थोडं थांबू या,' एवढंच म्हणायचं.

ताईला अजूनही कधी कधी भीती गाठते. पण शाळेतून आलेल्या लेकराला ती आता दारातच जवळ घेते.

गावात मानसोपचारतज्ज्ञ नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. बोलायला पैसे पडत नाहीत. आणि लाज तर मुळीच बाळगू नका!