रंग गेला, पाणी शुद्ध झाले काय?

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीशेजारून वाहणारी खाम नदी शहराचे सांडपाणी पोटात घेऊन गोदावरीकडे जाते. आणि त्याच गोदावरीवरील जायकवाडीचे पाणी हे शहर पिते. अशा ठिकाणी उन्हाने पाणी शुद्ध करणाऱ्या प्रकाश-उत्प्रेरकांचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच होय.

१९७२ साली फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन घडविले. या पांढऱ्या भुकटीचे (घराच्या रंगातही ती असतेच) कण प्रकाश शोषून पाण्यात अतिक्रियाशील मूलके निर्माण करतात. ती रंगद्रव्यांचे रेणू फोडतात. परंतु तिला अतिनील किरणच लागतात, आणि उन्हात ते जेमतेम पाच टक्के. म्हणून नायट्रोजनादी मिसळून नवी द्रव्ये घडविण्याचा खटाटोप चालतो.

परीक्षा मात्र बहुधा चंचुपात्रातच होते. मिथिलीन ब्लूची निळाई विरली की शोधनिबंध सिद्ध! रंग उडाला तरी अर्धवट फुटलेले रेणू पाण्यात उरू शकतात. गढूळ पाण्यात प्रकाश खोल शिरत नाही. आणि ती सूक्ष्म भुकटी पुन्हा गाळून काढावयाची कशी? पदवी देताना परीक्षकांनी उमेदवारापुढे खामच्या पाण्याची एक बाटली ठेवावयास काय हरकत आहे?