भागवतांच्या दोघी लेकी

“तत्त्वं वगैरे मोठ्या माणसांना परवडतात हो! आपल्याला संसार करायचाय.” भिशीच्या दिवशी एक मैत्रीण असं म्हणाली आणि आम्ही सगळ्याजणी हसलो. विषय होता तिच्या मुलीचा. मुलगी हुशार, पण पुढच्या शिक्षणासाठी तिला परगावी पाठवायला सासूबाईंचा ठाम विरोध. यजमान गप्प. आणि ही मुकाट्याने ‘बरं’ म्हणून मोकळी झाली होती.

घरी आल्यावर मात्र माझंच हसणं मला सलू लागलं. आठवल्या त्या भागवतांच्या दोघी लेकी, दुर्गाबाई आणि कमलाबाई.

कमलाबाई धाकट्या, लग्नानंतरच्या सोहोनी. १९३३ साली पदवी घेऊन त्यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. वडील आणि काका तिथेच शिकलेले. पण तेव्हाचे संचालक, नोबेल पारितोषिकाचे मानकरी सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्यांनी चक्क सत्याग्रह केला! अखेर प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पहिलं वर्ष कसोटीचं, आणि मुलग्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. अपमान गिळून त्यांनी काम दाखवलं आणि मागून येणाऱ्या मुलींसाठी ते दार उघडलं. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. तरी तो अपमान त्या विसरल्या नाहीत. उतारवयातही त्यांनी तो स्पष्ट बोलून दाखवला.

याच विदुषीने पुढे आपल्या-तुपल्या प्रश्नांतही लक्ष घातलं. ग्राहकांच्या हितासाठी झटणाऱ्या ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी’च्या त्या १९८२-८३ मध्ये अध्यक्ष होत्या. या संस्थेची मुहूर्तमेढ १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनीच रोवली होती, बरं का!

थोरल्या दुर्गाबाई लेखिका, लोकसाहित्याच्या अभ्यासक आणि पक्क्या सुगरण. ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या या बाईंनी ‘खमंग’ हे पाककृतींचं पुस्तकही लिहिलं. १९७५ साली, ऐन आणीबाणीत, कराडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. समोर सत्ता बसलेली असताना दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली आणि आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना केली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. नंतर मानसन्मान चालून आले, तेव्हा पद्मश्री आणि ज्ञानपीठ दोन्ही त्यांनी नाकारले.

म्हणजे तत्त्वं या दोघींनाही स्वस्तात पडली नव्हती. एकीने वर्षभर अपमान सोसला, दुसरीने तुरुंग. मोठी माणसं म्हणून त्यांना ‘नाही’ म्हणणं परवडलं असं आपण समजतो. खरं तर कमलाबाई दारात उभ्या राहिल्या, तेव्हा त्या कोण होत्या? नुकतीच पदवी घेतलेली एक मुलगी!

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मैत्रिणीकडे गेले. चहा घेताघेता तिला कमलाबाईंची हकीकत सांगितली. तिने ती मन लावून ऐकली. थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “रविवारी परत याल? हे घरात असतात त्या दिवशी. सासूबाईही असतील. तुम्ही फक्त बाजूला बसा. या वेळी मीच बोलेन म्हणते.”