बेडी तुटल्यावर शाळा

मे 1873. आजच्या झांबियातल्या चितांबो गावी स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाले. सोबतच्या आफ्रिकी माणसांनी त्यांचे काळीज तिथेच एका झाडाखाली पुरले. त्या वेळी प्रार्थना वाचली जेकब वेनराइट या तरुणाने. झाडाच्या खोडावर लिव्हिंग्स्टन यांचे नाव कोरले त्यानेच, आणि मागे राहिलेल्या सामानाची यादीही त्यानेच लिहून काढली. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा शिकला कुठे? आपल्या नाशकात, शरणपूरला.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम भरून निघालेली गलबते ब्रिटिश आरमार समुद्रात अडवत असे. सुटका झालेल्यांपैकी अनेक मुलांना मुंबई बंदरात उतरवले जाई. परत पाठवावे तर पुन्हा दलालांच्या हाती सापडण्याची भीती. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी 1850 च्या दशकात नाशिकजवळ शरणपूरची वसाहत उभी केली होती. तिथे या मुलांना आसरा मिळाला. लिहिणे-वाचणे शिकवले जाई, जोडीला सुतारकाम, लोहारकाम. 1865 मध्ये लिव्हिंग्स्टन स्वतः नाशकात आले आणि इथली काही मुले आपल्या मोहिमेसाठी घेऊन गेले. पुढे 1872 मध्ये मदतीसाठी जी तुकडी त्यांच्याकडे पाठवली गेली, तिच्यात जेकब होता. या मुलांना इंग्रजी नावे मिळाली, धर्मही मिशनने दिला. शाळा त्यांच्यासाठी होती, पण तिचे कारभारी ते नव्हते.

त्याच काळात अमेरिकेत सुटलेल्यांच्या शिक्षणाचा हाच प्रश्न अफाट प्रमाणात उभा होता. 1865 मध्ये यादवी युद्ध संपले आणि सुमारे 40 लाख माणसे गुलामीतून बाहेर आली. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला अक्षर शिकवणे हा कालपरवापर्यंत गुन्हा होता. सरकारने सुटलेल्या गुलामांसाठी फ्रीडमन्स ब्युरो हे खाते स्थापन केले, उत्तरेकडच्या मिशनरी संस्थांनी शिक्षक पाठवले. पण शाळांचा खरा आधार होते ते नुकतेच सुटलेले लोक. हातावर पोट असताना त्यांनी वर्गणी काढली, जागा दिल्या, स्वतः भिंती उभारल्या. दिवसा मुले आणि रात्री शेतावरून आलेले त्यांचे आईबाप, आजीआजोबा एकाच पाटीवर गिरवू लागले. ही अक्षरे कुणाला खुपत होती, हे 1866 च्या मेम्फिस दंगलीत दिसले. जमावाने काळ्यांच्या घरांबरोबर त्यांच्या शाळाही जाळल्या.

तरीही फिस्क, हॉवर्ड, हॅम्प्टन या काळ्यांसाठीच्या शिक्षणसंस्था त्याच दोन-तीन वर्षांत उभ्या राहिल्या. त्यांतून त्याच समाजातले शिक्षक तयार होऊ लागले. 1877 मध्ये केंद्राचे सैन्य दक्षिणेतून निघून गेले, हक्क एकेक करून हिरावले गेले. त्या पडत्या दिवसांत शाळा तगल्या त्या या घरच्या शिक्षकांमुळे.

पुण्यात जोतीराव फुले अमेरिकेतल्या या मुक्तीकडे लक्ष ठेवून होते. 1873 मध्येच त्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केले. शूद्रातिशूद्रांची स्थिती त्यांनी त्या गुलामांच्या शेजारी ठेवून पाहिली. 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे मागितले. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, हेही बजावले. दुसरी मागणी पहिलीइतकीच मोलाची आहे. शिकवणारा आपल्यातला असला की मुलाला शाळा परकी वाटत नाही.

शरणपूरनेही अखेर हेच सिद्ध केले. इथे शिकलेले विल्यम जोन्स 1864 मध्ये मोंबासाजवळच्या रबाईला गेले. पुढे ते पाद्री झाले. मालकांकडून पळून आलेले शेकडो गुलाम रबाईत जमले, तेव्हा त्यांना आसरा देणारे होते जोन्स. 1889 च्या सुरुवातीला मालकांना भरपाई देऊन त्या माणसांना मुक्तीचे दाखले मिळाले. आसरा घेऊन वाढलेला मुलगा आसरा देणारा झाला.

आज याची आठवण कशाला? वेठबिगारी आपल्याकडे कायद्याने बंद झाली ती 1976 मध्ये. तरी छत्तीसगडमधली कितीतरी कुटुंबे आजही मुकादमाकडून उचल घेऊन परराज्यांतल्या वीटभट्ट्यांवर जातात, आणि मराठवाड्यातली ऊसतोडीला. उचल फिटेपर्यंत मुलांची शाळा तुटते. छत्तीसगडमधल्याच भिलाईच्या रिसाली भागात मराठी घरांतली मुले पोलाद कारखान्याच्या आधाराने शिकली, स्थिरावली. तिथून थोड्या अंतरावरच्या गावांतली मुले मात्र हंगाम सुरू झाला की वर्गातून गळतात. त्यांच्यासाठी गावातच हंगामी वसतिगृहे हवीत, भट्टीवर वर्ग हवेत, मूल जिथे जाईल तिथे विनाअट प्रवेश हवा. आणि त्या वर्गापुढे उभी राहणारी ताई किंवा गुरुजी त्याच वस्तीत वाढलेले हवेत. शिकवण्यासाठी बाहेरून माणूस आणावा लागतो, तोवर मुक्ती अर्धीच असते.