ऑइल फिल्टर किती आवळावा?

मोटारीचें तेल घरच्या घरीं बदलणें हें फार अवघड काम नव्हे. नौपाड्याच्या जुन्या वाड्यापुढें काय किंवा घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतीच्या तळघरांत काय, रविवारीं सकाळीं एखादे गृहस्थ बाह्या सारून गाडीखालीं डोकावत असलेले आमच्या वाचकांनीं पाहिले असतील. पुष्कळांच्या घरीं ते गृहस्थ म्हणजे वडीलच असावेत. जुनें तेल काढणें आणि नवें ओतणें येथपर्यंत सर्व सुरळीत चालतें. खरी परीक्षा होते ती ऑइल फिल्टर बसवितांना. कित्येक गाड्यांत हा डबा एंजिन व सायलेन्सरची नळी यांच्या बेचक्यांत असा दडलेला असतो कीं, हात पोहोंचला तर मनगट वळत नाहीं, आणि मनगट वळलें तर डोळ्यांस कांहीं दिसत नाहीं. अशा जागीं डबा पुरेसा आवळला गेला कीं नाहीं हें कळावें कसें? "अंगांत असेल तेवढ्या जोरानें," असें उत्तर बहुधा मिळतें. तें चुकीचें आहे.

प्रथम या डब्याचें कार्य पाहूं. आरंभीच्या मोटारींत तेल गाळण्याची अशी सोय नसे. अमेरिकेंत अर्नेस्ट स्वीटलंड यांनीं १९२३ च्या सुमारास ही गाळणी पुढें आणली, आणि हातानें फिरवून बसवावयाचा आजचा पत्र्याचा डबा त्यानंतर तीसएक वर्षांनीं रूढ झाला. डब्याच्या तोंडाशीं मध्यभागीं आट्यांचें एक भोंक असतें व त्याभोंवतीं लहान भोंकांची माळ असते. पंपानें ढकललेलें तेल लहान भोंकांतून आंत शिरतें, घड्या घातलेल्या कागदांतून गाळलें जातें आणि मधल्या भोंकांतून एंजिनाकडे जातें. सर्वांत बाहेरच्या कडेस एक रबरी कडें बसविलेलें असतें. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला दोन-सव्वादोन किलो असतो. धांवत्या गाडींतील तेलाचा दाब साधारणपणें तीन-चार किलोपर्यंत जातो. एवढा दाब बाहेर फुटूं न देण्याचें काम तें एकटें कडें करतें. आटे केवळ डबा धरून ठेवतात, तेल अडवीत नाहींत.

हें ध्यानांत आलें म्हणजे मापही उलगडतें. पुष्कळ फिल्टरांच्या आट्यांचें अंतर १.५ मिलिमीटर असतें, म्हणजे डबा एक पूर्ण फेरा फिरला कीं तेवढाच पुढें सरकतो. कडें एंजिनाच्या बैठकीस टेंकल्यावर पाऊण फेरा द्यावा असें बहुतेक डब्यांवर छापलेलें असतें. पाऊण फेऱ्यानें रबर सुमारें १.१ मिलिमीटर दबतें, आणि तेवढें दबणें पुरेसें असतें. कमी दबलें तर तेल झिरपतें. फार दबलें तर रबर चेंगरतें, कधीं जागेवरून सरकतें, आणि पुढील खेपेस डबा निघतां निघत नाहीं. अशा वेळीं त्यांत पेचकस भोसकून तो फिरवूं पाहणारे लोक आम्हांस ठाऊक आहेत. पत्रा फाटून तुकडे हातांत येतात, आणि बैठक मात्र तेथेंच राहते!

म्हणून मोजावयाचा असतो तो फेरा, जोर नव्हे. अडचणीच्या जागीं एका दमांत पाऊण फेरा होत नाहीं. बोटभर फिरवावें, पकड सोडावी, पुन्हां धरावें, असें करतांना हिशेब चुकतो. यास सोपा उपाय असा कीं, डबा बसविण्यापूर्वींच त्याच्या अंगावर चार ठिकाणीं पांढऱ्या रंगानें उभ्या रेघा ओढाव्या. कांहीं डब्यांवर १ ते ४ असे आंकडे छापलेलेच असतात. कडें टेंकलें तेव्हां जी रेघ समोर होती, तिच्यापासून तिसरी रेघ त्याच जागीं आली म्हणजे पाऊण फेरा झाला. डोळा पोहोंचत नसेल तर लहान आरसा व विजेरी घ्यावी.

परंतु कडें टेंकलें हें ओळखावें कसें? हा स्पर्शाचा विषय आहे. वागळे इस्टेटमधील एखाद्या जुन्या फिटरास विचारलें तर तो बोटें पुढें करून दाखवील, शब्दांत सांगणार नाहीं. लांब दांड्याच्या पान्यानें हा स्पर्श मरतो. हात मुळींच जात नसेल, तर डब्याच्या बुडावर बसणारा वाटीसारखा पाना घ्यावा, त्यास एक्स्टेन्शन जोडावें, पण रॅचेट लावूं नये. ती दांडी नुसत्या बोटांनीं फिरवावी. बोटांस अडथळा जाणवला कीं कडें टेंकलें. मग रॅचेट लावावें आणि रेघा पाहत पाऊण फेरा द्यावा. हात जात असून केवळ निसटत असेल तर डबा व तळवा दोन्ही कोरडे पुसावे, आणि काचकागदाची पट्टी खरखरीत बाजू डब्याकडे करून गुंडाळावी. पकड येते.

लहान मुलांचे हात येथें बापाच्या हातांपेक्षां सहज शिरतात, आणि मुलेंही हौसेनें पुढें होतात. त्यास आमची ना नाहीं. मात्र सायलेन्सर पूर्ण निवालेला असावा, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं लहानानें अथवा थोरानें कोणींही जाऊं नये. खालीं भक्कम स्टँड लावलेच पाहिजेत.

बसविण्यापूर्वीं आणखी एक गोष्ट पाहावी. जुनें कडें कधीं कधीं डब्याबरोबर न येतां बैठकीलाच चिकटून राहतें. त्यावर नवा डबा चढविला कीं कड्यावर कडें बसतें, हातास सर्व घट्ट लागतें, आणि एंजिन सुरू होतांच वरचें कडें निसटून तेलाची धार लागते. हें घरीं झालें तर बरें. गायमुखच्या घाटांत झालें तर तेल संपून एंजिन कांहीं मिनिटांत जाम होतें, आणि दुरुस्तीस गाडीच्या किंमतीचा मोठा भाग जातो. म्हणून बैठकीवरून बोट फिरवून ती पुसावी, आणि नव्या कड्यास नवें तेल लावावें. कोरडें रबर फिरतांना पिळवटतें.

मग एंजिन सुरू करावें. तेलाचा लाल दिवा कांहीं सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास एंजिन तत्काळ बंद करावें. मिनिटभर तें संथ चालूं देऊन खालीं पुठ्ठा ठेवावा. पुठ्ठा कोरडा असेल तर एंजिन बंद करून थोड्या वेळानें पट्टी पाहावी; नवा फिल्टर कांहीं तेल पोटांत घेतो, तेवढें वर घालावें लागतें. पहिल्या फेरीनंतर पुन्हां एकदां खालीं पाहावें.

उरलें जुनें तेल. तें गटारांत ओतण्याची चाल अद्यापि दिसते. आपलीं गटारें नाल्यांतून खाडीस मिळतात. त्या खाडीवर २०१५ मध्यें रोहित पक्ष्यांचें अभयारण्य झालें आणि २०२२ मध्यें तिची नोंद रामसर स्थळांत झाली. २०१६ च्या नियमांप्रमाणें वापरलेलें तेल हा घातक कचरा होय. तें झांकणाच्या डब्यांत भरून, जें गॅरेज असें तेल परवानाधारक शुद्धीकरणवाल्यांकडे पाठवितें, तेथें नेऊन द्यावें. जुना फिल्टरही रात्रभर तोंड खालीं करून एखाद्या भांड्यावर ठेवावा. त्यांतूनही बरेंच तेल निघतें, तें त्याच डब्यांत जावें.