लिनक्स आणि विंडोज यांमधील फाइलींची देवघेव



खानदेशांतील जुन्या मंडळींना पाचोऱ्याहून जामनेरास जाणारी अडीच फुटी रुळांची गाडी आठवत असेल. पाचोऱ्यास तिची गांठ मुंबई-भुसावळ या साडेपांच फुटी मार्गाशीं पडे. परंतु एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चालत नसे. माल उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावा, तेव्हांच तो पुढें जाई. आपल्या घरीं अथवा पेढीवर एक संगणक विंडोजवर व दुसरा लिनक्सवर चालत असेल, तर त्यांच्यामधील फाइलींच्या देवघेवीचा प्रश्नही असाच दोन मापांचा आहे.

समजा, जळगांवच्या दाणाबाजारांतील एका अडत्यानें जुन्या संगणकावर लिनक्स बसवून आपल्या सर्व पावत्या तेथें एकत्र ठेविल्या आहेत, आणि त्याचा हिशेबनीस विंडोजच्या संगणकावरून त्या उघडतो. जी. एस्. टी. चें विवरणपत्र भरण्याची मुदत उद्यां संपते, आणि आज तो फोल्डर उघडत नाहीं. अशा वेळीं मनुष्य कानावर येईल तो उपाय करूं लागतो. आणि खरा धोका तेथेंच आहे. म्हणून दोष शोधण्याची पद्धतशीर रीत कोणती, याचा आज विचार करूं.

विंडोज ज्या बोलीनें फाइली मागते व देते, तिला एस्. एम्. बी. असें नांव आहे. आय. बी. एम्. या कंपनींत १९८० नंतरच्या दशकांत ती जन्मली व मायक्रोसॉफ्टनें ती वाढविली. लिनक्सच्या बाजूनें दुभाष्याचें काम बहुधा ‘सांबा’ नांवाचा प्रोग्राम करतो. ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथें अँड्र्यू ट्रिजेल यांनीं १९९२ च्या सुमारास त्याचा आरंभ केला. हातीं नियमांचें पुस्तक नसतां, तारेवरून जाणारे-येणारे संदेश टिपून त्यांनीं नियम ताडले. युरोपांतील न्यायालयाच्या निर्णयानंतर २००७ च्या डिसेंबरांत मायक्रोसॉफ्टचे अधिकृत कागद सांबाच्या मंडळींस मिळाले. सांबा विनामूल्य आहे. आपल्या पेढीवर त्यासाठीं एक पैसाही खर्च होत नाहीं.

आतां दोषाकडे वळूं. संगणक काय सांगतो, तें प्रथम नीट वाचावें. ‘मार्ग सांपडत नाहीं’ असें तो म्हणत असेल, तर दोष रस्त्यांत आहे. तो पुनःपुन्हा पासवर्ड मागत असेल, तर रस्ता ठीक असून ओळख पटत नाहीं. फोल्डर उघडतो, पण त्यांत लिहितां येत नाहीं, असें असेल तर ओळख पटली आहे. अधिकार मात्र मिळालेला नाहीं. एवढें वर्गीकरण केलें तरी अर्धें काम झालें.

रस्त्यांतील दोषांत पहिला म्हणजे दोन संगणक एकाच नेटवर्कवर नसणें. धुळ्याच्या एखाद्या घरांत राउटरनें पाहुण्यांसाठीं निराळें वाय-फाय दिलेलें असतें. एक संगणक त्यावर व दुसरा घरच्या वाय-फायवर असेल, तर दोघांनाही इंटरनेट मिळतें, पण ते एकमेकांना दिसत नाहींत. दोहोंचे आय. पी. पत्ते ताडून पाहावे. घरगुती नेटवर्कांत पत्त्याचे पहिले तीन आंकडे बहुधा सारखे असतात.

दुसरा दोष नांवाचा. विंडोजच्या खिडकींत दुसऱ्या संगणकाचें नांव न दिसलें, म्हणजे तो संगणक बंद आहे असें नव्हे. नांवांची ती यादी पूर्वीं ज्या पद्धतीनें बनत असे, ती एस्. एम्. बी. च्या पहिल्या आवृत्तीवर अवलंबून होती, व ती आवृत्ति आतां मागें पडली आहे. म्हणून नांवाऐवजीं पत्त्याचे आंकडे, मागें दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन, टाइप करावे. फोल्डर उघडला तर केवळ नांवाचा दोष होता असें ठरतें. मग राउटरमध्यें त्या संगणकाचा पत्ता कायमचा राखून ठेवावा. नाहीं तर तो बदलून तोच घोळ पुन्हा होईल.

तिसरा दोष दाराचा. प्रत्येक संगणकास फायरवॉल नांवाचा पहारेकरी असतो, आणि एस्. एम्. बी. ची ये-जा ४४५ क्रमांकाच्या दारानें होते. लिनक्सच्या पहारेकऱ्यास सांबाकरितां वाट मोकळी ठेवण्यास सांगावें. फाइली विंडोजच्या बाजूस ठेविल्या असतील, तर तेथें घरचें नेटवर्क ‘सार्वजनिक’ नव्हे, ‘खासगी’ म्हणून नोंदलें आहे काय, तें पाहावें. पहाऱ्याला अजिबात रजा देणें मात्र शहाणपणाचें नव्हे.

ओळखीच्या दोषांत पुष्कळांना चकविणारी गोष्ट ही कीं, सांबा आपली पासवर्डांची वही निराळी ठेवतो. लिनक्समध्यें प्रवेश करण्याचा पासवर्ड बरोबर असला, तरी त्या वहींत नोंद नसेल तर दार उघडत नाहीं. ती नोंद स्वतंत्रपणें करावी लागते. उलट बाजूस, विंडोज उघडतांना आपण जो चार-सहा आंकड्यांचा पिन देतों, तो त्याच यंत्रापुरता असतो, नेटवर्कवर तो चालत नाहीं. शिवाय विंडोज जुना पासवर्ड लक्षांत ठेवून तोच पुनःपुन्हा पाठविते. तो साठ्यांतून काढून टाकावा.

अधिकाराच्या बाबतींत दोन कुलुपें असतात. एक सांबाचें व दुसरें खुद्द लिनक्सच्या फोल्डराचें. सांबानें लिहिण्याची मुभा दिली, पण फोल्डराचा मालक निराळाच असला, तर लिहितां येत नाहीं. दोहोंपैकीं जो नियम कडक, तोच चालतो.

शेवटीं फाइलींच्या नांवांविषयीं. लिनक्सला इंग्रजी मोठें व लहान अक्षर भिन्न वाटतें, विंडोजला तें एकच. देवनागरींत हा भेद नसल्यामुळें मराठी नांवांना तो त्रास नाहीं. परंतु लिनक्सवर नांवांत अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह घातलें, तर तें विंडोजला चालत नाहीं. सांबा अशा फाइलीला कांहीं तरी विचित्र आंखूड नांव देतो, आणि हिशेबनिसास ती हरवली असें वाटतें.

आतां त्या घातक उपायाविषयीं. ‘एस्. एम्. बी. ची जुनी पहिली आवृत्ति चालू करा’, हा सल्ला ऐकावयास मिळतो, व त्यानें पुष्कळदां काम होतेंही. परंतु १२ मे २०१७ रोजीं वॉनाक्राय नांवाचा उपद्रवी प्रोग्राम याच आवृत्तींतील छिद्रांतून जगभर पसरला. फाइली कुलुपबंद करून तो खंडणी मागे. २७ जून रोजीं नॉटपेट्या आला. छिद्राचा उपयोग त्यानेंही केला, आणि आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांत मर्स्क समूहाच्या धक्क्याचें काम थांबलें. त्या छिद्राची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च २०१७ रोजींच दिली होती. पण ती न बसविलेले संगणक बळी पडले. त्याच वर्षाच्या शेवटीं निघालेल्या विंडोज १० च्या सुधारणेपासून ही आवृत्ति नव्यानें बसविलेल्या यंत्रांत येईनाशी झाली, आणि २०१९ मध्यें सांबानेंही ती आपण होऊन चालू ठेवणें सोडलें. एखादें जुनें यंत्र तीच बोली बोलत असेल, तर पेढीचें दार उघडें टाकण्यापेक्षां तें यंत्रच बदलणें स्वस्त पडतें. ‘सर्वांना सर्व अधिकार द्या’, या सल्ल्याचीही तीच गत.

म्हणून रस्ता, ओळख आणि अधिकार या क्रमानें पाहावें. एका वेळीं एकच बदल करावा, आणि प्रत्येक बदल कागदावर टिपून ठेवावा. आणि दोष सांपडेपर्यंत मुदत थांबत नाहीं, हें ध्यानीं धरून महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत नेटवर्कपासून अलग अशा डिस्कवर दर आठवड्यास काढीत जावी.