आधी पश्चिम मोकळी करा, मग कॅमेरा काढा

२०२४ च्या दसऱ्याला, म्हणजे १२ ऑक्टोबरला, त्सुचिनशान-ॲटलास हा धूमकेतू पृथ्वीपासून सुमारे सात कोटी किलोमीटरवर होता. सूर्याला वळसा घालून तो नुकताच संध्याकाळच्या आकाशात आला होता आणि पुढचे काही दिवस रोज थोडा वर चढत, फिका पडत गेला. त्याचा फोटो मिळणं कॅमेऱ्यापेक्षा जागेवर जास्त अवलंबून होतं.

सातारा शहराच्या पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर आडवा येतो. गावातून पाहणाऱ्याला क्षितिजालगतचं काहीच दिसत नाही. घाट चढून कासच्या बाजूला गेलं की पश्चिम उघडते. सांगलीत डोंगराची अडचण नाही, पण शहराचे दिवे आणि खालच्या थरातली धूळ आहे. तिथल्यांनी जतकडचं माळरान गाठावं. शेतात उभे राहणार असाल तर समोर उसाचा फड नाही ना, हे उजेडीच बघून ठेवा!

वेळेचं गणित नाजूक असतं. १४ ऑक्टोबरला सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळला. लगेच पाहिलं तर आकाश फार उजळ, उशीर केला तर धूमकेतू क्षितिजाजवळच्या धुरकट हवेत बुडालेला. सात ते साडेसात एवढाच काय तो कामाचा वेळ. खूण सोपी होती: नैऋत्येला खाली शुक्र, वायव्येकडे स्वाती, आणि धूमकेतू या दोघांच्या मधल्या पट्ट्यात.

आता कॅमेरा. ट्रायपॉड हवाच. साध्या डीएसएलआरला ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स पुरते. लांब शेपटी तिच्या चौकटीत मावते. ऑटोफोकस बंद करा, स्क्रीनवर शुक्र मोठा करून तो बारीकात बारीक ठिपका होईपर्यंत रिंग फिरवा. ॲपर्चर एफ २ ते २.८, आयएसओ ८०० ते १६००. एक्सपोजर चार सेकंदांपलीकडे नको, कारण पृथ्वी फिरते आणि ताऱ्यांच्या रेघा उमटतात. बोटाच्या धक्क्याने चित्र हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा आणि फाइल रॉ ठेवा. एकाच मापाचे वीस-तीस फोटो पाठोपाठ घेऊन संगणकावर एकावर एक रचले की दाणे कमी होतात, शेपूट उठून दिसते. मोबाइलवाल्यांनी फोन स्टँडला लावून नाइट मोड वापरावा. धूमकेतू एवढा तेजस्वी असेल तर तेवढ्यानेही भागतं.

त्या सुमारास पृथ्वी धूमकेतूच्या कक्षेच्या प्रतलातून जात होती. त्यामुळे त्याने मागे टाकलेली धूळ कडेने दिसून सूर्याच्या दिशेला एक बारीक उलटी शेपूट उमटली. ती डोळ्यांपेक्षा फोटोंत चांगली पकडली गेली.

अडचण चंद्राची. १६ तारखेला कोजागरी. दुधासाठी छान, शेपटीसाठी वाईट. २० नंतर चंद्र उशिरा उगवू लागला आणि काळोख परतला. धूमकेतू तोवर मंदावला होता, पण बराच वर आल्यामुळे साताऱ्याच्या डोंगराचा अडथळा उरला नव्हता. तेव्हा मात्र आयएसओ ३२०० पर्यंत न्यावा लागत होता.