कोणचे मेश्राम?

सातारा-कोल्हापूरकडे मेश्राम हे आडनाव सांगितले की समोरचा माणूस ते पुन्हा विचारून घेतो. कोणाला ते मिश्रा ऐकू येते, कोणी मेहेत्रे लिहितो. पुण्यात खोली भाड्याने शोधणाऱ्या आपल्या मुलांचा अनुभव असा की, घरमालकाला या आडनावावरून काहीच कळत नाही आणि मग तो गाव विचारतो, गावावरून काही कळेना झाले की जेवणखाण विचारतो. आपल्या मारेगावात मात्र हे आडनाव उच्चारताच पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘कोणचे मेश्राम?’

या प्रश्नाचे कारण आपल्या तालुक्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. आपल्याकडे मेश्राम बौद्धांत आहेत आणि मेश्राम गोंडांतही आहेत. एकाच शाळेच्या एकाच वर्गात दोन मेश्राम, एक अनुसूचित जातीचा, दुसरा अनुसूचित जमातीचा, ही गोष्ट मार्डी-कुंभ्याकडे नवलाची नाही. आडनाव एकाहून अधिक समाजांत असणे हेही तसे नवे नाही. गायकवाड बडोद्याच्या गादीवर होते आणि आमचे कर्मवीर दादासाहेबही गायकवाडच. राऊत, शेंडे, वानखडे ही नावे विदर्भात कितीतरी जातींत सापडतात. पण तिथे घोटाळा झाला तरी तो लग्नपत्रिकेपुरता राहतो. मेश्राम नावाचा घोटाळा दाखल्यावर येतो आणि दाखल्यावरून पोरांच्या शिक्षणावर. म्हणूनच या नावाविषयी थोडे सविस्तर लिहावे असे आमच्या मनात बरेच दिवस होते.

प्रथम या नावाचा मुलूख पाहू. आपल्या जनगणनेत आडनावांची मोजणी प्रसिद्ध होत नाही. इंग्लंडमध्ये १८८१ सालच्या शिरगणतीच्या याद्यांवरून कोणते आडनाव कोणत्या परगण्यात दाट आहे याचे नकाशे अभ्यासकांनी काढले, आणि एखादे दुर्मिळ नाव दोन-चार खेड्यांपुरतेच कसे राहिले हे त्यावरून दाखवले. आपल्याकडे तेवढी सोय नाही. आपली सोय म्हणजे मतदार याद्या. त्या चाळल्या की चित्र स्पष्ट होते. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा आणि यवतमाळचा पूर्वभाग हा मेश्रामांचा दाट पट्टा. उत्तरेला बालाघाट, शिवनी, छिंदवाडा आणि पूर्वेला राजनांदगाव-दुर्गपर्यंत ते नाव जाते. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद जिल्ह्यात ते पुन्हा भेटते, पण तिथे त्याचे रूप ‘मेस्रम’ असे होते. जशी नदी ओलांडली की आपला आत्राम आत्रम होतो आणि आपण कुमरे लिहितो ते कुमरम होते. निजामाविरुद्ध लढून १९४० साली जोडेघाटला पडलेला कुमरम भीम याच नावाचा. पश्चिमेला अकोला-बुलढाण्याकडे मेश्राम विरळ होत जातात. ‘हकीकत आणि जटायू’ लिहिणारे केशव मेश्राम जन्मले अकोल्याला आणि नाव झाले मुंबईला, त्यामुळे साहित्याच्या वाचकांना हे आडनाव आधी माहीत झाले आणि त्याचा मुलूख नंतर, किंवा कधीच नाही.

या सगळ्या पट्ट्याकडे नीट पाहिले तर तो जुन्या गोंडवनाचा पट्टा आहे. देवगड आणि चांदा या गोंड राज्यांचा हा मुलूख. गोंडांमध्ये आडनाव ही केवळ ओळखीची खूण नव्हे. तिथे ते कुळाचे नाव असते आणि प्रत्येक कूळ ठरावीक देवसंख्येच्या ‘सगा’त मोडते : चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. एका सगातील सर्व कुळे भाऊ-भाऊ, त्यांच्यात सोयरीक होत नाही. आदिलाबादकडे मेस्रम हे सात देव्यांत येतात. १९४० नंतरच्या काळात या गोंडांमध्ये राहून ऑस्ट्रियन अभ्यासक फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला, तो १९४८ साली निघाला. त्यात ही व्यवस्था खुलासेवार दिली आहे.

मेस्रम कुळाचे मोठे ठाणे म्हणजे इंद्रवेल्लीजवळचे केसलापूर. पांढरकवड्यावरून पैनगंगा ओलांडून आदिलाबाद गाठावे आणि तिथून पुढे जावे. पौष अमावास्येला तिथे नागोबाची जत्रा भरते. पूजेचा मान मेस्रम कुळाचा. त्यासाठी कुळातले लोक पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. वर्षभरात कुळात लग्न होऊन आलेल्या सुनांची त्या वेळी देवाशी भेट घडवतात, तिला ‘भेटिंग’ म्हणतात, आणि त्यानंतरच त्या सुना कुळाच्या झाल्या असे मानतात. म्हणजे केसलापूरच्या माणसाला मेस्रम असणे म्हणजे काय हे दरवर्षी प्रत्यक्ष करून दाखवावे लागते. आपल्या तालुक्यातूनही गोंड बांधव या जत्रेला जातात.

बौद्ध मेश्रामांकडे असे एक ठाणे नाही. आमच्याकडे आडनावाची गोष्ट कागदातून सुरू होते. जुने कागद पाहणाऱ्यांना हे माहीत आहे की शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदींत आपल्या माणसांना बहुधा आडनावच नाही. अमका वल्द तमका, जात महार, एवढेच. घरात आणि भाऊबंदांत आडनाव माहीत असे, पण ते लिहायची गरज सरकारला वाटत नव्हती. जात लिहिली की त्यांचे काम भागत असे. पोरगा शाळेत गेला तेव्हा मास्तरांनी आडनाव विचारले आणि कानाला लागेल तसे लिहिले. त्यामुळे एकाच बापाच्या दोन मुलांपैकी एक मेश्राम, दुसरा मेसराम, आणि तिसऱ्याच्या नावापुढे नुसता बापाचा उल्लेख, असे कागद आम्ही स्वतः पाहिले आहेत. तुर्कस्तानात १९३४ साली कायदा करून प्रत्येकाला आडनाव घ्यायला लावले आणि त्यांच्या अध्यक्षांना अतातुर्क हे नाव मिळाले. आपल्याकडे असा कायदा झाला नाही. आपले कायदे शाळामास्तरच्या टाकात होते.

बाबासाहेबांच्या आडनावाची कथा सर्वांना माहीत आहे. घराणे सकपाळ, गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर असे नाव लागले. कोकणात गावाला ‘कर’ लावून आडनाव करण्याची रीत सर्व जातींत आहे. विदर्भातही उमरेडकर, चिमूरकर आहेत, पण आपल्याकडे कुळाची नावे अधिक आणि गावाची कमी. मेश्राम हे कुळाचे नाव आहे. त्यात गाव शोधू नये.

आता काही उत्साही मंडळी असे म्हणतात की मेस्रम नागोबाचे पूजक, आणि १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूरचा संबंध नाग लोकांशी सांगितला, तेव्हा दोन्ही मेश्राम मूळचे नागच. ऐकायला बरे वाटते. पण नावाच्या आणि देवाच्या सारखेपणावरून नाते ठरवायचे तर जगात परके कोणी उरणार नाही. एकाच मुलखात शेकडो वर्षे शेजारी राहिलेल्या, एकाच पाटलाच्या वेठीला जाणाऱ्या समाजांत कुळनावे सारखी असणे ही समजण्यासारखी गोष्ट आहे. तेवढे मानून पुढे जावे. शेजार हेही लहान नाते नव्हे.

लग्नाच्या बाबतीत मात्र आमच्या बौद्ध घरांत अजूनही कुळाचा जुना धाक दिसतो. मुलगा मेश्राम, मुलगी मेश्राम, गावे शंभर मैलांवर, कुठल्याच पिढीत संबंध नाही. तरी आजी म्हणते, ‘अगं, भाऊ लागते थो तुह्या!’ आणि बोलणी तिथेच थांबतात. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्यात वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांचे सपिंड नाते आणि ठरावीक जवळची नाती वर्ज्य आहेत. आडनाव सारखे असणे हा त्यात अडथळा नाही. पोटजाती मोडायच्या म्हणून आपल्या जुन्या कार्यकर्त्यांनी गावोगाव पायपीट केली. बावणे-लाडवण-सोमवंशी आज कोणी विचारत नाही, निदान उघडपणे विचारत नाही. मग सारख्या आडनावाचे भय कशाला? गोंड बांधवांच्या सगाव्यवस्थेला तिचा स्वतःचा अर्थ आहे, तो त्यांनी सांभाळावा. आमच्याकडे सगा नाही, नुसती भीती उरली आहे.

आता दाखल्यांकडे येतो. या भागात आडनाव आणि भूगोल यांची गाठ कायद्यानेच पक्की केली होती, हे पुष्कळांना माहीत नाही. विदर्भात अनुसूचित जमातींची यादी १९७६ पर्यंत सगळीकडे लागू नव्हती. ती मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, आणि आपल्या जिल्ह्यात केळापूर, वणी, यवतमाळ एवढ्याच तहसिलींपुरती होती. मारेगाव तेव्हा वणी तहसिलीत, म्हणून इथला गोंड मेश्राम जमातीत धरला जाई, आणि त्याचाच दारव्हा-पुसदकडे राहणारा भाऊबंद धरला जात नसे. १९७६ च्या १०८ क्रमांकाच्या कायद्याने ही क्षेत्रमर्यादा उठवली. त्यानंतर अर्ज वाढले, आणि नावाच्या सारखेपणाचा फायदा घेणारेही निघाले. खऱ्या गोंड मुलांच्या जागा त्यात गेल्या, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पुढे १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्या आणि दक्षता पथकाची चौकशी आखून दिली, आणि महाराष्ट्राचा जात पडताळणीचा कायदा २००१ पासून लागू झाला. त्यात दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे.

याचा चटका दोन्ही मेश्रामांना बसतो. नागपुरात वाढलेल्या गोंड मुलीला तिच्या कुळाचे देव आणि लग्नातील विधी विचारतात आणि ती अडखळली की तिच्याकडे संशयाने बघतात. २४ मार्च २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अशी आप्तभावाची चाचणी ही एकमेव कसोटी नव्हे. राज्यघटनेपूर्वीच्या कागदांना अधिक वजन आहे. आणि आमच्या मुलांना उलट बाजूने त्रास होतो. आमची नोकरी कारकुनाची, त्यामुळे फॉर्म भरून घ्यायला लोक घरी येतात. असेच एक बौद्ध कुटुंब मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचे कागद घेऊन आले. मुलीच्या प्राथमिक शाळेच्या दाखल्यावर ‘गोंड’ लिहिलेले! त्या शाळेत बहुतेक मेश्राम गुड्यावरचे. लिहिणाऱ्याने आडनाव पाहिले आणि रकाना भरून टाकला. बापाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’, आजोबाच्या दाखल्याचा पत्ता नाही. अनुसूचित जातीसाठी अर्ज केला तर मुलीचा स्वतःचाच दाखला आड येतो, आणि जमातीचा अर्ज करणे म्हणजे खोटेपणा. प्रवेशाची मुदत तीन आठवड्यांवर आली होती. मुलीची आई म्हणाली, ‘भाऊ, आडनावच बदलून टाकतो. गौतम लावतो.’

आम्ही त्यांना थांबवले. राजपत्रात नाव बदलता येते, ते बेकायदा नाही, आणि पुष्कळांनी श्रद्धेने बदललेही आहे. पण दाखल्याच्या भानगडीवर तो उपाय नव्हे. जुने कागद मेश्राम नावाचे आणि मुलगी गौतम, म्हणजे दोघांचे नाते सिद्ध करण्याचे आणखी एक काम वाढले. त्याऐवजी तहसिलीच्या अभिलेख कक्षात कोतवाल पंजीच्या नकलेसाठी अर्ज केला. दोन फेऱ्या रिकाम्या गेल्या, कारण आपण मेश्राम शोधत होतो आणि त्या काळच्या पंजीत आडनावच नव्हते. तिसऱ्या वेळी मुलीच्या आजोबांनी आपल्या बापाचे आणि आज्याचे नाव सांगितले, गाव आणि अंदाजे वर्ष सांगितले, आणि १९३८ ची जन्माची नोंद निघाली : वल्द अमुक, जात महार. आडनाव नसलेल्या त्या ओळीने आडनावाचा घोळ मिटवला. मुलीला प्रवेश मिळाला, पडताळणीही झाली.

तेव्हा मारेगाव, झरी, वणीकडच्या मेश्राम, आणि गेडाम आडनावाच्याही बौद्ध घरांना आमची विनंती अशी. मूल पहिलीत जाईल तेव्हा फॉर्म स्वतः वाचून सही करा. जातीच्या रकान्यात काय लिहिले ते त्याच दिवशी पहा. शाळा सुटल्यावर मुख्याध्यापकांना ते आपल्या मनाने खोडता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि वर्षे जातात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा कागद कामाचा, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. आजोबांच्या शाळेची दाखलखारीज आणि कोतवाल पंजी यांच्या नकला आजच काढून ठेवा. नक्कल मागताना आडनावावर अवलंबून राहू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून वडील, आजा, पणजा यांची नावे आणि गाव एका वहीत उतरवून घ्या. त्या मुलीच्या आजोबांना ती तिन्ही नावे तोंडपाठ होती. त्यांच्या मुलाला फक्त एक माहीत होते.